शंका मैदानातल्या, दुखणी अंगावरची : रग्बीप्रेमींच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकानंतर आलेली पत्रे वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवली. सामन्यांविषयी विचारणारे वाचक आणि दुखापतींविषयी विचारणारे वाचक वेगळे नसतात. पत्राच्या पहिल्या पानावर विश्वचषकाचा अंतिम सामना असतो आणि पान उलटले की स्वतःचा खांदा, मान किंवा गुडघा. म्हणून या वेळी उत्तरांची विभागणी केलेली नाही. ज्या दोन पत्रांना तातडीने उत्तर देणे आवश्यक होते, त्यांना ते आधीच कळवले आहे; त्यामागची कारणे सर्वांच्या उपयोगाची आहेत म्हणून ती येथे विस्ताराने दिली आहेत. दुखापतींविषयीचा कोणताही मजकूर डॉक्टरांच्या प्रत्यक्ष तपासणीला पर्याय नाही, हे कृपया ध्यानात असू द्यावे.

प्रश्न : २०२३ च्या विश्वचषकाच्या न्यूझीलंडविरुद्धच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेने आठ राखीव खेळाडूंपैकी तब्बल सात फॉरवर्ड (पुढच्या फळीतले धिप्पाड गडी) ठेवले होते. माझ्या मते ही खेळाच्या परंपरेशी केलेली चलाखी आहे. दोन बॅक (मागच्या फळीतले, धावणारे खेळाडू) जायबंदी झाले असते तर या संघाने काय केले असते? शिवाय तासभर झुंजून थकलेल्या प्रॉपसमोर (पहिल्या रांगेतील कडेच्या फॉरवर्डसमोर) ताजातवाना गडी उतरवणे कितपत सुरक्षित आहे?
— एक माजी सेंटर

उत्तर : आपल्या प्रश्नाच्या पहिल्या भागाशी मी सहमत नाही, दुसऱ्या भागाशी मात्र आहे. तेवीस जणांच्या संघात स्क्रमच्या (दोन्ही संघांच्या फॉरवर्डांनी वाकून, भिडून चेंडूसाठी एकमेकांना ढकलण्याच्या) पहिल्या रांगेतील तिन्ही जागांसाठी बदली खेळाडू असावेच लागतात. उरलेल्या पाच जागा कोणाला द्यायच्या, हे प्रशिक्षकाने ठरवायचे असते. पाच फॉरवर्ड आणि तीन बॅक ही वाटणी केवळ रूढीने चालत आलेली होती. याच संघाने २०१९ चा अंतिम सामना सहा-दोन अशा वाटणीने खेळून इंग्लंडला ३२-१२ असे हरवले होते. सात-एकचा प्रयोगही अंतिम सामन्यात अचानक अवतरला नाही. स्पर्धेआधी ट्विकनहॅम येथे न्यूझीलंडला ३५-७ असे नमवताना तो झाला होता आणि साखळीत आयर्लंडविरुद्धही झाला होता, जिथे दक्षिण आफ्रिका ८-१३ अशी हरली. त्या दिवशी त्यांचे फॉरवर्ड कमी पडले नव्हते, गोलांवर मारलेल्या किक चुकल्या होत्या. त्याच सुमारास हुकर (पहिल्या रांगेतील मधला खेळाडू) माल्कम मार्क्सचा गुडघा दुखावल्याने एक जागा रिकामी झाली, आणि ती दुसऱ्या हुकरला न देता हान्द्रे पोलार्ड या फ्लायहाफला (हल्ल्याची सूत्रे सांभाळणाऱ्या बॅकला) देण्यात आली. पुढे उपांत्य फेरीत इंग्लंडविरुद्ध ६-१५ असे मागे असताना आर. जी. स्नायमनने ट्राय केला (चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवला), स्क्रममधून पेनल्टी मिळाली आणि पोलार्डने ती लांबून गोलात घालून सामना १६-१५ असा जिंकून दिला. अंतिम सामन्यातील बाराच्या बारा गुणही त्याच्याच चार पेनल्टींचे होते.

या निवडीची किंमत कोठे मोजावी लागली, तेही पाहावे. आपल्याला भीती बॅकच्या दुखापतीची वाटते, परंतु अंतिम सामन्याच्या पहिल्या काही मिनिटांतच बाहेर गेला तो बोंगी म्बोनांबी, म्हणजे संघात उरलेला एकमेव नियमित हुकर. त्याची जागा डिऑन फोरी याने घेतली, जो त्या काळात मुख्यतः फ्लँकर (स्क्रमच्या कडेचा फॉरवर्ड) म्हणून खेळत होता. सात फॉरवर्ड राखीव असूनही तडा गेला तो फॉरवर्डांमध्येच. जवळजवळ संपूर्ण सामना फोरीने त्या जागी काढला, न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन लाल कार्डामुळे बाहेर गेला, दक्षिण आफ्रिकेच्या पीटर-स्टेफ डू टॉयने २८ टॅकल केले (चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून पाडले) आणि सामना १२-११ असा सुटला. एका गुणाच्या विजयावरून एखादी योजना बरोबर ठरवणे मला पटत नाही. न्यूझीलंडची एक किक आत गेली असती, तर हीच निवड अविचारी ठरवली गेली असती.

सुरक्षिततेविषयीची आपली काळजी मात्र रास्त आहे. थकलेला खेळाडू टॅकलला उशिरा वाकतो, त्याचे पाय मागे राहतात आणि डोके चुकीच्या जागी जाते. अशा वेळी समोरून ताजा आणि वजनदार खेळाडू वेगाने आला तर आघात त्या थकलेल्यालाच सोसावा लागतो. मला वाटते, सात-एक किंवा सहा-दोन यावर वाद घालण्यापेक्षा आठही राखीव खेळाडू केवळ डावपेच म्हणून उतरवू द्यावेत का, यावर चर्चा व्हावी. अडचण अशी की बदली फक्त दुखापतीसाठी राखून ठेवली तर दुखापतीचे सोंग घेतले जाण्याचा धोका वाढतो. २००९ मध्ये युरोपीय करंडकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात हार्लेक्विन्स संघाने बनावट रक्ताची कॅप्सूल वापरून किकर पुन्हा मैदानात आणला होता, हे रग्बीजगत विसरलेले नाही. तरीही डावपेचासाठीच्या बदलांची संख्या कमी करावी, असेच माझे मत आहे.

प्रश्न : २०१५ मध्ये जपानने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध बरोबरीची पेनल्टी नाकारून स्क्रम घेतला आणि जिंकले, म्हणून सगळे त्यांचे धैर्य वाखाणतात. २०२२ च्या महिला विश्वचषकाच्या न्यूझीलंडविरुद्धच्या अंतिम सामन्यात इंग्लंडनेही बरोबरीची पेनल्टी नाकारून लाइनआउट (बाहेर गेलेला चेंडू दोन रांगांमध्ये फेकून खेळ पुन्हा सुरू करणे) घेतला आणि त्या हरल्या, तर त्यांना दोष दिला गेला. निर्णय योग्य की अयोग्य, हे निकालावरूनच ठरवायचे का?
— एक लाइनआउट जंपर

उत्तर : निकाल बाजूला ठेवून त्या क्षणी कर्णधाराला काय दिसत होते एवढेच पाहिले, तर दोन्ही निर्णय समर्थनीय ठरतात. ब्रायटन येथे वेळ संपत आली तेव्हा जपान २९-३२ असा मागे होता. प्रतिस्पर्ध्यांचा प्रॉप पिवळे कार्ड मिळून बाहेर गेला होता. म्हणजे दक्षिण आफ्रिका चौदा जणांनी खेळत होती आणि त्यांच्या स्क्रमची घडी विस्कटली होती. जपानचा कर्णधार मायकेल लीच याने दुबळ्या झालेल्या जागेवर घाव घातला. चेंडू मैदानाच्या एका बाजूकडून दुसरीकडे फिरत गेला आणि शेवटी कार्न हेस्केथने डाव्या कोपऱ्यात ट्राय करून सामना ३४-३२ असा जिंकला.

ईडन पार्कवरील २०२२ च्या सामन्यात इंग्लंड ३१-३४ अशी मागे होती, लाल कार्डामुळे बराच वेळ चौदा जणींनिशी खेळली होती आणि त्या दिवशीचे तिचे सर्वांत प्रभावी अस्त्र लाइनआउटनंतरचा मॉल (चेंडू धरलेल्या खेळाडूला घेऊन उभ्यानेच ढकलत पुढे सरकणारा घोळका) हेच होते. दमलेल्या चौदा जणींना जादा वेळेत ओढण्यापेक्षा जे अस्त्र दिवसभर चालले तेच पुन्हा उचलणे तर्काला धरूनच होते. चूक शोधायची असेल तर ती पुढच्या टप्प्यात शोधावी लागेल. मॉल रोखायचा असेल तर बचाव करणारा संघ सहसा पाय जमिनीवर घट्ट रोवून ढकलण्याच्या तयारीत राहतो. न्यूझीलंडने मात्र जोआना न्गान-वू हिला हवेत उचलले आणि चेंडू वाटेतच अडवला. समोरचे उडी मारणार हे ओळखून चेंडू दुसरीकडे फेकता आला असता का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. लाइनआउट का घेतला, हा तितकासा नाही. आपण स्वतः जंपर आहात, तेव्हा त्या शेवटच्या लाइनआउटची चित्रफीत केवळ बचावपटूंच्या पायांकडे लक्ष ठेवून पाहा. उडी घेणार असलेली खेळाडू आणि तिला उचलणाऱ्या दोघी आधी पाय कसे हलवतात, ते पाहण्यासारखे आहे.

प्रश्न : मी २६ वर्षांचा फ्लँकर आहे. दहा दिवसांपूर्वी टॅकल करताना माझे डोके समोरच्याच्या कमरेच्या हाडावर आदळले. शुद्ध हरपली नाही आणि मी सामना पूर्ण खेळलो. नंतर चार दिवस डोके दुखत होते आणि उजेड सहन होत नव्हता. आता काही त्रास नाही. सीटी स्कॅनही स्वच्छ आला. येत्या रविवारी बाद फेरीचा सामना आहे. व्यावसायिक खेळाडू आठवडाभरात परततात आणि न्यूझीलंडचा कर्णधार रिची मॅककॉ २०११ चा विश्वचषक मोडलेल्या पायाने खेळला. मग मी का थांबावे?
— संघाच्या हितासाठी विचारणारा

उत्तर : आपले पत्र पोचले त्याच दिवशी 'खेळू नका' असे आपल्याला कळवले होते. आता कारणे सांगतो.

शुद्ध हरपणे ही मेंदूला धक्का बसल्याची आवश्यक खूण नाही. बहुतेक खेळाडूंची शुद्ध हरपतच नाही. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा हाडाची मोड दिसते, परंतु मेंदूच्या कामात झालेला बिघाड त्यात दिसत नाही. त्यामुळे स्कॅन स्वच्छ आला याचा अर्थ एक गंभीर शक्यता दूर झाली एवढाच घ्यावा. चार दिवस डोके दुखणे आणि उजेड न सोसणे, हे आपल्या मेंदूने दिलेले उत्तर स्कॅनच्या उत्तरापेक्षा अधिक बोलके आहे.

ब्रिटनमध्ये २०२३ साली हौशी खेळांसाठी ज्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध झाल्या, त्यांचा हिशेब आपल्याला लावून पाहू. विश्रांतीच्या अवस्थेत सलग १४ दिवस कोणतेही लक्षण नसेल, तरच डोक्याला मार लागण्याचा धोका असलेला सराव सुरू करण्याचा विचार करायचा आणि २१ दिवसांच्या आत कोणत्याही परिस्थितीत सामना खेळायचा नाही. आपली लक्षणे चौथ्या दिवशी थांबली, म्हणजे टॅकलचा सराव अठराव्या दिवसाआधी नाही आणि सामना एकविसाव्या दिवसाआधी नाही. तोवर चालणे, हलके धावणे, मग चेंडू घेऊन पण अंगाला अंग न लावता केलेला सराव, अशा पायऱ्यांनी पुढे जावे. कोणत्याही पायरीवर डोके दुखू लागले तर एक पायरी मागे यावे. याउलट डोकेदुखी वाढत गेली, पुन्हा पुन्हा उलटी झाली, गुंगी आली, झटका आला, हातापायांत अशक्तपणा जाणवला किंवा बोलणे अडखळू लागले, तर वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.

व्यावसायिक खेळाडूंशी तुलना दोन कारणांनी टिकत नाही. त्यांच्या शंकास्पद दुखापतीसाठी मैदानाबाहेर १२ मिनिटांची तपासणी असते, सामन्यानंतर दुसरी तपासणी आणि ३६ ते ४८ तासांनी तिसरी. हंगामाआधी घेतलेल्या स्मृती आणि तोल यांच्या चाचण्यांचे निकाल तुलनेसाठी डॉक्टरांच्या हाताशी असतात. आपल्याकडे यातले काहीच नव्हते. होते ते सहखेळाडूंचे 'ठीक आहेस ना?' आणि त्यावर आपले 'हो'. दुसरे म्हणजे, त्यांच्यासाठीचे नियमही कडक झाले आहेत; पूर्वी कधी असा धक्का बसलेल्या खेळाडूला २०२२ पासून किमान १२ दिवस बाहेर बसावे लागते.

मॅककॉचे उदाहरण मला अनेक पत्रांत भेटते, म्हणून त्याविषयी स्पष्ट लिहितो. त्याने वेदना सोसल्या हे खरे आणि त्याबद्दल मला आदरही आहे. परंतु पाय मोडलेला माणूस आपला पाय किती दुखतो, याचा निवाडा शाबूत मेंदूने करत असतो. मेंदूलाच मार लागला असेल तर 'मी खेळू शकतो' हा निर्णय ज्या अवयवाने घ्यायचा, तोच जखमी असतो. मी खेळत होतो त्या दिवसांत एकदा डोक्याला गुडघा लागूनही मैदानात राहिलो होतो. त्या सामन्याचा उत्तरार्ध मला आजतागायत आठवत नाही; मी तीन वेळा गुणसंख्या विचारली, असे सोबत्यांनी नंतर सांगितले. मी बाहेर जावे असे कोणालाच वाटले नाही आणि मला तर मुळीच वाटले नाही. मला दुसरा फटका बसला नाही, हा निव्वळ योगायोग होता. म्हणून संघात आधीच ठरवून ठेवा की डोक्याला मार लागलेल्याला त्याचे मत विचारायचे नाही, त्याला बाहेर काढायचे.

आता तंत्राविषयी, कारण आपला टॅकल चुकला आहे. व्यावसायिक सामन्यांतील ६११ प्रसंगांच्या अभ्यासात डोक्याच्या दुखापतींपैकी ७६ टक्के टॅकलमध्ये झालेल्या आढळल्या आणि त्यांपैकी ७२ टक्के प्रसंगांत मार बसला तो टॅकल करणाऱ्याला. टॅकल करणारा ताठ उभा असेल तर धोका कमरेत वाकलेल्यापेक्षा ४४ टक्क्यांनी अधिक होता. याच निष्कर्षांच्या प्रकाशात इंग्लंडमधील हौशी रग्बीत २०२३-२४ च्या हंगामापासून टॅकलची कायदेशीर उंची छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत आणण्यात आली. सुरुवातीला कमरेची मर्यादा जाहीर झाली होती, ती खेळाडूंच्या विरोधामुळे बदलावी लागली. खेळ मऊ होत असल्याची तक्रार काही वाचकांनी केली आहे. खाली वाकून, पाय जवळ नेऊन, खांदा नेमका पोटाच्या उंचीवर लावणे हे उभ्याने छातीवर आदळण्यापेक्षा कठीण काम आहे, एवढेच त्यांना सांगावेसे वाटते. अर्थात केवळ खाली वाकून भागत नाही, हे आपल्या अनुभवावरून दिसतेच. बाजूने येणाऱ्या टॅकलमध्ये डोके धावणाऱ्याच्या पाठीमागे जायला हवे. ते त्याच्या वाटेत, पुढच्या बाजूला गेले की कमरेचे हाड किंवा गुडघा कानशिलावर बसतो. नजर वर ठेवावी, हनुवटी छातीला टेकवू नये आणि जो खांदा लावायचा त्याच बाजूचा पाय जवळ टाकावा. पाय लांब राहिला की माणूस हातांनी झेपावतो आणि डोके आधी पोचते. परत आल्यावर पहिले दोन आठवडे हा सराव चालण्याच्या वेगाने करा.

प्रश्न : मी ३४ वर्षांचा टाइटहेड (उजवीकडचा) प्रॉप आहे. टॅकल करताना किंवा स्क्रम कोसळताना मानेपासून उजव्या हाताच्या बोटांपर्यंत वीज चमकल्यासारखी होते, हात मिनिटभर लुळा पडतो आणि मग पूर्ववत होतो. या हंगामात असे तीनदा झाले. सहकारी म्हणतात, प्रॉप म्हटला की हे चालायचेच.

उत्तर : चालायचे नाही. खेळाडूंच्या बोलीत याला 'स्टिंगर' म्हणतात. मानेतून हातात जाणाऱ्या मज्जातंतूंचा जुडगा ताणला किंवा दाबला गेला की असे होते. एखाद्या वेळी झाले, एकाच हातात झाले, काही मिनिटांत हाताची सारी ताकद परत आली आणि मान न दुखता सगळ्या बाजूंना वळली, तर ते सहसा गंभीर नसते. एका हंगामात तीनदा झाले असेल तर मणक्यांमधील चकती किंवा मज्जातंतू बाहेर पडण्याची वाट अरुंद झाली आहे का, हे एमआरआय करून तज्ज्ञांकडून पाहून घेतल्याशिवाय पुन्हा स्क्रममध्ये उतरू नये. दोन्ही हातांत किंवा पायांत मुंग्या आल्या, अथवा मानेच्या मध्यरेषेवर हाड दुखू लागले, तर मैदानात उठून बसण्याचाही प्रयत्न करू नये. मान स्थिर धरून स्ट्रेचर मागवावे.

आपली जागा स्क्रममध्ये सर्वांत जास्त भार सोसणारी आहे, कारण टाइटहेडच्या दोन्ही खांद्यांवर प्रतिस्पर्धी असतात, एकीकडे लूजहेड (डावीकडचा प्रॉप) आणि दुसरीकडे हुकर. पूर्वी दोन्ही रांगा अंतर ठेवून एकमेकींवर आदळत असत. २०१३ पासून प्रॉपनी आधी एकमेकांना धरायचे आणि मगच भिडायचे, असा क्रम आला आणि त्यामुळे भिडतानाचा दाब सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाला. हा फायदा पदरात पडायचा तर पंचांच्या 'बाइंड' या हाकेला पकड खरोखर घट्ट हवी. अनेक जण जर्सीच्या बाहीला नुसता हात लावून उभे राहतात. खांदे कमरेपेक्षा खाली जाऊ देऊ नयेत, हा नियमही आहे आणि मानेचा विमाही. तज्ज्ञांनी परवानगी दिल्यावर हाताच्या तळव्याने डोक्याला चारही बाजूंनी विरोध करून मान न हलवता करायचे व्यायाम आठवड्यातून तीनदा करावेत.

प्रश्न : पळणाऱ्या प्रतिस्पर्ध्याची जर्सी पकडताना अनामिकेला झटका बसला. सूज फारशी नाही, पण बोटाचे टोक वाकत नाही. आठवडाभर पट्टी बांधून खेळलो तर चालेल का?

उत्तर : हे दुसरे तातडीचे पत्र. मूठ आवळताना बोटाचे शेवटचे पेर अजिबात वाकत नसेल, तर ते पेर वाकवणारी कंडरा हाडापासून तुटली असण्याची दाट शक्यता आहे. जर्सी हातातून निसटताना होते म्हणून या दुखापतीचे नावच 'जर्सी फिंगर' पडले आहे आणि ती सर्वाधिक अनामिकेलाच होते. तुटलेली कंडरा तळहाताकडे आक्रसत जाते, म्हणून शस्त्रक्रिया शक्यतो आठवडा-दहा दिवसांच्या आत व्हावी लागते. सूज कमी आहे यावर जाऊ नये. खेळाडू याच कारणाने महिनाभर थांबतात आणि मग कंडरा थेट जोडणे शक्य होत नाही. हाताच्या शल्यचिकित्सकांना लगेच दाखवा.

प्रश्न : हल्ली चेंडू सतत हवेत असतो. स्क्रमहाफ (फॉरवर्डांकडून चेंडू काढून घेणारा बॅक) रकमागे (टॅकलनंतर जमिनीवरच्या चेंडूभोवती जमलेल्या घोळक्यामागे) उभा राहून उंच किक मारतो, सगळे वर पाहतात आणि पुन्हा तेच. याला डावपेच म्हणावे का? ५०:२२ च्या नियमाने तरी काय साधले?
— कंटाळलेला, तरीही प्रत्येक सामना पाहणारा

उत्तर : आपला कंटाळा समजतो, परंतु ती किक निरर्थक नसते. स्वतःच्या हद्दीत चेंडू हातात ठेवून पाच-सहा रक खेळले की कुठेतरी चेंडू सोडला नाही म्हणून पेनल्टी जाते आणि तीन गुण गमावले जातात. ही उंच किक, म्हणजे बॉक्स किक, सुमारे पंचवीस मीटर पुढे गेली आणि सुमारे चार सेकंद हवेत राहिली, तर मागून सुटलेला विंगर (मैदानाच्या कडेला खेळणारा बॅक) चेंडूबरोबरच पोचतो आणि जिथे नुसता ताबा सोडायचा तिथे झुंज देता येते. किक पाच मीटर जास्त लांब गेली तर झेलणाऱ्याला मोकळे धावायला मिळते. म्हणून पुढच्या सामन्यात चेंडूऐवजी पाठलाग करणाऱ्यावर नजर ठेवून पाहा, मजा वेगळीच आहे. झेलणाऱ्याभोवती भिंत करून पाठलाग अडवणाऱ्यांवर पंच आता कडक झाल्याने ही झुंज वाढली आहे, आणि मला ती आवडते.

५०:२२ ची चाचणी २०२१ मध्ये सुरू झाली. आपल्या अर्ध्या भागातून मारलेली किक जमिनीवर टप्पा घेऊन प्रतिस्पर्ध्यांच्या २२ मीटर पट्ट्यात बाहेर गेली, तर लाइनआउटचा चेंडू किक मारणाऱ्यालाच मिळतो. तो टाळायचा तर विंगरना मागे थांबावे लागते, पुढच्या बचावफळीत माणसे कमी होतात आणि पळायला जागा मिळते. टकरींची दाटी कमी व्हावी, हाही त्यामागचा हेतू होता. हेतू पूर्ण साधला असे म्हणणार नाही, पण जागा मिळाली हे नक्की.

आपल्या कंटाळ्याचे खरे कारण दुसऱ्या एका पळवाटेत होते. किक झेलणारा पाच मीटर धावला किंवा त्याने पास दिला, की किकरच्या पुढे ऑफसाइड उभे असलेले खेळाडू आपोआप खेळात येत. त्यामुळे झेलणारा जागीच उभा राहून उलट किक मारी आणि बाकीचे खेळाडू मैदानाच्या मध्यावर निश्चल उभे राहत. फ्रान्सच्या ड्यूपाँने ही फट हेरली म्हणून तिला त्याचे नाव मिळाले. जुलै २०२४ पासून ती बुजवली गेली. त्याच वेळी फ्री किकऐवजी स्क्रम मागण्याची मुभाही गेली. २०२३ च्या उपांत्यपूर्व सामन्यात फ्रान्सविरुद्ध डेमियन विलेम्सेने स्वतःच्या २२ मीटरमध्ये चेंडू झेलून स्क्रम मागितला होता, तो प्रकार आता होणार नाही. स्क्रमवरचा तो विश्वास पाहताना अंगावर काटा आला होता, म्हणून या बदलाचे मला थोडे वाईट वाटले.

प्रश्न : माझा मुलगा १४ वर्षांचा आहे. मऊ टोपी आणि दातांचे कवच घातले तर त्याच्या मेंदूला धक्का बसणार नाही ना?

उत्तर : टोपीमुळे कान आणि टाळू सोलवटणे टळते, कवचामुळे दात आणि ओठ वाचतात, म्हणून कवच अवश्य घालावे. मेंदूला बसणारा धक्का मात्र या दोहोंनी थांबत नाही, कारण कवटीच्या आत मेंदू हलणे बाहेरच्या गादीने रोखता येत नाही. टोपी घातली म्हणून मुलगा अधिक बेदरकार होत नाही ना, एवढे पाहावे. त्याहून अधिक उपयोग सरावापूर्वीच्या व्यायामाचा होतो. जागतिक रग्बी संघटनेने 'अॅक्टिव्हेट' या नावाने तोल, मान आणि दिशा बदलण्याचे वीस मिनिटांचे व्यायाम तयार केले आहेत. शाळकरी मुलांच्या अभ्यासात आठवड्यातून तीनदा ते करणाऱ्या संघांमध्ये एकूण दुखापती ७२ टक्क्यांनी आणि मेंदूचे धक्के ५९ टक्क्यांनी कमी आढळले. प्रशिक्षकांना तो क्रम शिकवण्याचा आग्रह धरा.

प्रश्न : मी सेंटर (बॅकफळीच्या मध्यावर खेळणारी) आहे. दिशा बदलताना गुडघ्यातील पुढचा अस्थिबंध तुटला आणि शस्त्रक्रियेला साडेसात महिने झाले. २०२५ च्या महिला विश्वचषकाचा अंतिम सामना ८१,८८५ प्रेक्षकांसमोर झाला, तो पाहून मला राहवेना. धावताना दुखत नाही, प्रशिक्षकही बोलावत आहेत. परंतु डावीकडे वळायची वेळ आली की पाय आपोआप कचरतो. ही भीती मनाचीच ना?

उत्तर : इंग्लंडने कॅनडाला ३३-१३ असे हरवलेला तो सामना पाहून आपल्याला काय वाटले असेल, याची कल्पना करू शकतो. तरीही थांबा. दुखत नाही हे परतण्याचे प्रमाण नव्हे, कारण रोपण केलेली कंडरा दुखणे थांबल्यावरही अनेक महिने पक्व होत असते. नऊ महिन्यांपर्यंत परतणे जितके लांबवावे, तितकी गुडघा पुन्हा दुखावण्याची शक्यता कमी होते. एका अभ्यासात दर महिन्यामागे ती निम्म्याने घटलेली आढळली. म्हणून नऊ महिने ही किमान मर्यादा धरा आणि तिच्यासोबत मोजमापही घ्या. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के असावी, एका पायावरील उड्यांचे अंतरही तेवढेच असावे, आणि उडीवरून उतरताना गुडघा आत कलू नये. यातले शेवटचे मोबाइलवर समोरून चित्रीकरण करून घरीही तपासता येते.

पाय कचरतो याला नुसती भीती म्हणून बाजूला सारू नका. तो अस्थिबंध गुडघ्याची स्थिती मेंदूला कळवत असतो. तो तुटला की ती वार्ता अपुरी येते आणि शरीर सावध होते. मनाची तयारी नसलेले खेळाडू पुन्हा दुखावण्याची शक्यताही अधिक असते, त्यामुळे या संकोचाची नोंद फिजिओथेरपिस्टकडे जरूर करा. आधी ठरलेल्या खुणेवर, मग अचानक दिलेल्या इशाऱ्यावर, मग समोर बचावपटू उभी करून आणि शेवटी दमल्यावर डावीकडे वळण्याचा सराव, असा क्रम ठेवावा. सेंटरला सामन्यात दिशा स्वतः निवडता येत नाही, ती समोरचीच्या खांद्याकडे पाहून क्षणात घ्यावी लागते. म्हणून तिसरी पायरी गाळू नका. प्रशिक्षकांना मोजमापांचे आकडे दाखवा आणि तोवर टॅकल नसलेल्या सरावात चेंडू हाताळण्यासाठी येऊ देण्याची विनंती करा. दोन महिन्यांनी उड्यांचे आकडे काय आले, ते आम्हाला अवश्य कळवा.